ओशेरॉफची केस: सात महिने बोलणं, तीन आठवडे गोळ्या

रफाएल ओशेरॉफ हा स्वतः डॉक्टर, तोही किडनीचा. अमेरिकेत व्हर्जिनियात त्याचं डायलिसिसचं काम जोरात चाललेलं, पैसा चांगला, नाव चांगलं, घर, मुलंबाळं, सगळं जागच्या जागी. आणि चाळिशीत हा माणूस डिप्रेशनमध्ये असा काही घसरला की २ जानेवारी १९७९ ला मेरीलँडमधल्या रॉकव्हिल गावच्या चेस्टनट लॉज नावाच्या खाजगी मानसोपचार हॉस्पिटलात ॲडमिट व्हायची वेळ आली. पुढच्या सात महिन्यांत तिथे जे झालं त्यावरून अमेरिकेतल्या सायकियाट्रिस्ट लोकांत जे भांडण लागलं ते आजही धड मिटलेलं नाही.

आधी माझी बाजू सांगून टाकते म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको. मी थेरपीच्या बाजूची. बोलून माणूस बरा होतो यावर माझा विश्वास आहे, व्यायामावर आहे, वेळेवर झोपण्यावर आहे, आणि डोक्यावर हात ठेवून विचारपूस करणाऱ्या माणसावर तर सगळ्यात जास्त आहे. म्हणूनच ही केस मला टोचते, कारण गोळ्यांच्या बाजूचे लोक ती 'बघा, थेरपीवाल्यांनी काय केलं' म्हणून तोंडावर फेकतात आणि आमच्या बाजूचे लोक ती ऐकलीच नाही असं दाखवतात. दोघंही अर्धीच सांगतात.

लॉजमध्ये जायच्या आधीपासून सांगायला पाहिजे. ओशेरॉफला त्याआधी दोनेक वर्षं त्रास होता, तेव्हा तो न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइनकडे गेला होता. क्लाइन म्हणजे त्या काळातला औषधवाल्यांचा मोठा माणूस. त्याने ट्रायसायक्लिक जातीची डिप्रेशनची गोळी सुरू केली, बऱ्यापैकी फरक पडला, आणि मग ओशेरॉफने डॉक्टरांनी नको म्हटलेलं असताना डोस स्वतःच कमी केला. ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडे तर दर दुसऱ्या घरात हेच, 'आता बरं वाटतंय ना, मग कशाला उगाच गोळ्या खायच्या'. हा बाबा स्वतः डॉक्टर, दुसऱ्याने डायलिसिसची एक पाळी चुकवली तर त्याला ओरडला असता, पण स्वतःच्या बाबतीत तेच केलं. तब्येत खाली गेली ती गेलीच.

क्लाइनवरून एक विषयांतर करते, सोडवत नाही. १९५७ साली या क्लाइनला अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला तो रेझर्पिन नावाच्या औषधाचा मानसिक आजारात उपयोग दाखवला म्हणून, आणि रेझर्पिन येतं कुठून तर आपल्या सर्पगंधेच्या मुळीतून. त्याच वर्षीच्या लास्करमध्ये त्याच्या जोडीला मुंबईच्या केईएमचे डॉ. रुस्तुम जाल वकील पण होते, त्यांनी सर्पगंधा ब्लड प्रेशरवर कशी चालते याचा अभ्यास १९४९ मध्ये इंग्लंडच्या हृदयरोगाच्या जर्नलमध्ये छापला होता. म्हणजे ज्याला आपण 'केमिकल गोळी' म्हणून नाक मुरडतो आणि ज्याला 'नैसर्गिक, आयुर्वेदिक' म्हणून डोक्यावर घेतो त्या दोन्ही गोष्टी इथे एकाच झाडाला लागलेल्या आहेत, फरक एवढाच की एकीत किती मिलिग्रॅम पोटात गेलं ते माहीत असतं. असो.

तर लॉज. हे काही साधंसुधं ठिकाण नव्हतं हे आधी कबूल केलं पाहिजे. इमारत मूळची हॉटेलची, १९१० मध्ये बुलार्ड नावाच्या डॉक्टरने तिथे हॉस्पिटल काढलं, आणि पुढे त्याच घराण्याच्या हातात ते मनोविश्लेषणाचं मोठं पीठ झालं. फ्रीडा फ्रॉम-राइशमन नावाची जर्मनीतून हिटलरच्या तडाख्यातून निसटून आलेली ज्यू डॉक्टर १९३५ पासून १९५७ ला जाईपर्यंत तिथे होती. बाकीचे ज्यांना कुलूप लावून ठेवायचे अशा स्किझोफ्रेनियाच्या पेशंटसमोर ती तासन्‌तास बसून बोलायची, गप्प असला तर गप्प बसायची. माणसाला माणसासारखं वागवणं हे त्या काळात क्रांतिकारक होतं आणि माझ्या मनात त्याबद्दल आदरच आहे. घोळ एवढाच की १९३५ ला जे धाडस होतं ते १९७९ पर्यंत सोवळं झालं होतं. मधल्या काळात १९५२ ला क्लोरप्रोमाझिन हे भ्रम-भास कमी करणारं औषध आलं, १९५७ च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या कूनने इमिप्रामिन डिप्रेशनवर चालतं हे दाखवलं, बाहेरचं सगळं जग बदललं, पण लॉजमध्ये मात्र गोळी म्हणजे मूळ दुखणं झाकून टाकणारं फडकं असाच भाव होता.

ओशेरॉफला तिथे आठवड्यातून चार वेळा एकट्याशी बोलायची थेरपी सुरू झाली. गोळी नाही. निदान काय केलं, तर डिप्रेशन आहे असं लिहिलं, पण त्याच्या जोडीला, आणि खरा जोर त्याच्यावरच होता, नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी म्हणजे स्वतःच्याच प्रेमात असलेला, आत्मकेंद्री स्वभाव. म्हणजे आजार वरवरचा, खरा रोग स्वभावात, आणि स्वभाव बदलायचा तर तो हळूहळू उकलावा लागेल, त्याला वर्षं लागतील. मग त्याची तगमग पण त्या थिअरीत बसली, तक्रार पण बसली, औषध मागणं तर बसलंच. हा प्रकार मला सगळ्यात भीतीदायक वाटतो. पेशंट जे काही करेल ते आपल्या निदानाचा पुरावाच ठरत असेल तर तो बिचारा बाहेर पडणार कुठून?

आणि तो काय करत होता तर चालत होता. कॉरिडॉरमधून या टोकापासून त्या टोकापर्यंत, वळायचं, परत, दिवसभर, हाताची बोटं चोळत. झोप नाही. जेवण जात नाही, सात महिन्यांत चाळीस पौंड म्हणजे साधारण अठरा किलो वजन उतरलं. चालून चालून पाय इतके सुजले आणि तळव्यांना इतके फोड आले की त्यासाठी वेगळे उपचार करावे लागले. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबले. पायाला फोड आले तर पायाला उपचार. ज्या आजारामुळे माणूस पायाला फोड येईपर्यंत चालतोय त्याच्यावर बोलणं चालू.

ही अशी अंगात सुटलेली तगमग, मोठ्या डिप्रेशनच्या एका प्रकारात दिसते. आपण डिप्रेशन म्हटलं की कोपऱ्यात डोकं धरून बसलेला माणूस डोळ्यासमोर आणतो, फोटो पण तसेच छापतात, पण काही जण बसूच शकत नाहीत. अशा अवस्थेत बोलण्याची थेरपी का लागू पडत नाही याचं कारण काही गूढ नाही. थेरपी म्हणजे काम आहे, आज जे बोललो ते उद्या आठवावं लागतं, स्वतःकडे जरा लांबून बघावं लागतं, चार मिनिटं एका विचारावर टिकावं लागतं. ज्याला महिनोन्‌महिने झोप नाही, ज्याच्या डोक्यात 'मी संपलो, माझ्यामुळे सगळं संपलं' ही एकच रेकॉर्ड अडकलीय, त्याच्याकडून हे काम होत नाही. बुडणाऱ्याला पोहायला शिकवता येतं, पण आधी काठावर आणून.

घरच्यांनी तक्रार केली. वॉशिंग्टनच्या एका बाहेरच्या सायकियाट्रिस्टला पण विचारलं. मग लॉजमध्ये सगळ्या स्टाफची मीटिंग बसली, केसवर चर्चा झाली, आणि ठरलं काय, तर जे चाललंय तेच चालू द्यायचं, औषध नको, दिलं तर थेरपीत अडथळा येईल. सगळे शिकलेले लोक. वाईट हेतू कोणाचाच नाही. मला खात्री आहे की त्या खोलीत कोणीतरी कळवळून बोललं असेल.

शेवटी सात महिन्यांनी घरच्यांनीच त्याला तिथून काढलं आणि कनेटिकटमधल्या सिल्व्हर हिल नावाच्या दुसऱ्या ठिकाणी नेलं. तिथल्या लोकांनी सायकॉटिक डिप्रेशन, म्हणजे वास्तवाचं भान सुटलेलं डिप्रेशन, असं निदान केलं आणि दोन प्रकारची औषधं सुरू केली, एक डिप्रेशनची ट्रायसायक्लिक आणि एक फेनोथायझिन म्हणजे क्लोरप्रोमाझिनच्या कुळातली. तीन आठवड्यांत फरक दिसला. तीन महिन्यांच्या आत डिस्चार्ज. माणूस चालत घरी आला, यावेळी नीट चालत.

पण घरी काय उरलं होतं? तो आत असतानाच्या काळात प्रॅक्टिस हातची गेली होती, डॉक्टर मंडळींमधलं नाव गेलं होतं, दोन मुलांचा ताबा गेला होता. १९८२ मध्ये त्याने लॉजवर केस टाकली. त्याचं म्हणणं साधं होतं, मला माझ्या आजाराचं नीट निदान आणि त्यावर चालणारं औषध दिलं नाही, दुसरा इलाज आहे हे सांगितलं नाही, आणि त्या वाट बघण्यात माझं आयुष्य गेलं. मेरीलँडमध्ये अशी प्रकरणं आधी लवादापुढे जायची, लवादाने त्याच्या बाजूने अडीच लाख डॉलरचा निकाल दिला, तो दोन्ही बाजूंना पटला नाही, दोघंही पुढे गेले, आणि १९८७ मध्ये कोर्टात उभं राहायच्या आधीच बाहेरच्या बाहेर तडजोड झाली. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने बघायचं तर कुठल्याच न्यायाधीशाने 'थेरपी चूक, गोळी बरोबर' असं कधीच लिहिलेलं नाही. लोक मात्र असं ठोकून देतात जणू सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे.

खरा खटला चालला तो १९९० मध्ये, अमेरिकन जर्नल ऑफ सायकियाट्रीच्या पानांवर. एका बाजूला जेराल्ड क्लर्मन, जो ओशेरॉफच्या बाजूने तज्ज्ञ म्हणून उभा होता. त्याचं म्हणणं असं की पेशंटला परिणामकारक उपचाराचा हक्क आहे, ज्या इलाजाला अभ्यासाचा आधार आहे तो आधी द्या, पर्याय काय आहेत ते तोंडाने सांगा, आणि ठराविक वेळात फरक नाही पडला तर प्लॅन बदला, दुसऱ्याला विचारा. दुसऱ्या बाजूला हार्वर्डचा ॲलन स्टोन, कायदा आणि सायकियाट्री दोन्ही कोळून प्यायलेला. तो म्हणाला, विज्ञानातली भांडणं वकिलांच्या हातात दिलीत तर उद्या ज्या इलाजाचा मोठा ट्रायल झालेला नाही तो करायला कोणी धजावणार नाही. स्टोनचा मुद्दा मला वाटलं होतं त्यापेक्षा वजनदार वाटला, कारण ट्रायलला पैसा लागतो आणि गोळीमागे कंपनी असते, बोलण्यामागे नसते. पण म्हणून सात महिने? तिथे स्टोनचं मला पटत नाही.

आता मजा बघा. हा क्लर्मन, ज्याला थेरपीवाले गोळीवाल्यांचा वकील समजतात, त्यानेच मर्ना वाइसमन आणि इतरांबरोबर इंटरपर्सनल थेरपी उभी केली. डिप्रेशनसाठी ठराविक आठवड्यांची, बोलण्याचीच थेरपी, कोणाच्या जाण्याचं दुःख, घरातली भांडणं, आयुष्यातले बदल यांच्यावर काम करणारी, आज जगभर वापरतात. त्याने ती गोळीशी तुलना करून तपासली, गोळीच्या जोडीने पण तपासली. म्हणजे लॉजवर जो माणूस तुटून पडला तो थेरपीचा दुश्मन नव्हता, तो थेरपी करणाराच होता, फक्त मोजून करणारा. अर्ध्या सांगितलेल्या केसमधला हा गाळलेला अर्धा भाग.

ओशेरॉफ किडनीचा डॉक्टर होता हे सारखं डोक्यात येतं ते यासाठीच. डायलिसिसला पेशंट आला की वजन करतात, बीपी बघतात, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम वेळच्या वेळी तपासतात, आणि आकडे चुकीच्या बाजूला जायला लागले तर कोणी 'त्याच्या किडनीचा स्वभावच तसा' म्हणून सात महिने बसत नाही. अठरा किलो हा पण आकडाच होता. रोज वजनकाट्यावर दिसत असणार.

बरं, थेरपी मोजली तर टिकते का? टिकते, आणि चांगली टिकते, म्हणून तर मी त्या बाजूची. २००५ मध्ये अमेरिकेत मध्यम ते तीव्र डिप्रेशनच्या २४० लोकांवरचा अभ्यास आला, त्यात सोळा आठवड्यांनी कॉग्निटिव्ह थेरपी (म्हणजे विचारांच्या चुकीच्या सवयी ओळखून बदलायची बोलण्याची थेरपी) आणि गोळी दोन्हीकडे ५८ टक्के लोकांना फरक पडला होता, म्हणजे बरोबरी. पण पुढचं वर्षभर बघितलं तेव्हा ज्यांची गोळी बंद केली त्यांच्यातल्या ७६ टक्के लोकांचं डिप्रेशन परत उलटलं आणि ज्यांची थेरपी संपली होती त्यांच्यातल्या ३१ टक्के लोकांचं. गोळी चालू असेपर्यंत राखण करते, थेरपी काहीतरी हातात देऊन जाते. (इथे कोणी 'मग मी उद्यापासून बंद करतो' म्हणू नका, बंद करताना डॉक्टरला विचारून हळूहळूच, ओशेरॉफने काय केलं ते वर वाचलंच आहे.)

आणि अमेरिकेत कशाला जायचं, गोव्यात बघा. संगाथ या संस्थेच्या कामातून विक्रम पटेल आणि त्यांच्या टीमने सरकारी आरोग्य केंद्रांत आलेल्या, चांगल्यापैकी तीव्र डिप्रेशन असलेल्या ४९५ लोकांवर एक ट्रायल केली, २०१७ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. थेरपी देणारे डॉक्टर नाहीत, सायकॉलॉजिस्ट पण नाहीत, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं. सहा ते आठ सेशन. त्यात करायचं काय, तर बंद पडलेल्या गोष्टी एकेक करून परत सुरू करायच्या, कोणाचं देवळात किंवा चर्चला जाणं सुटलं असेल ते, शेजारणीशी बोलणं, संध्याकाळचं फिरणं, ठरवायचं आणि पुढच्या वेळी विचारायचं की झालं का. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक डिप्रेशनमधून बाहेर होते, ज्यांना हे मिळालं नाही त्यांच्यात ३९ टक्के. आता याला तुम्ही थेरपी म्हणा, होलिस्टिक म्हणा, आजी जे 'उठ, जरा बाहेर जाऊन ये' म्हणायची तेच शिस्तीत केलेलं म्हणा. लॉजमधल्या त्या महागड्या वर्षानुवर्षांच्या बोलण्यापेक्षा हे मला जास्त थेरपी वाटतं, कारण दर वेळी कोणीतरी प्रश्नावली काढून बघत होतं की माणूस हलतोय का.

ध्यानाचं पण तसंच. माइंडफुलनेसवर आधारलेली थेरपी घेऊन गोळी हळूहळू कमी करणं विरुद्ध गोळी चालू ठेवणं, ४२४ लोक, दोन वर्षं, इंग्लंडमधली २०१५ ची ट्रायल. डिप्रेशन परत आलं ४४ टक्के आणि ४७ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखंच. पण ही सगळी माणसं आधी बरी झालेली होती, परत पडू नये म्हणून ध्यान करत होती. लॉजमध्ये कॉरिडॉर तुडवणाऱ्या ओशेरॉफला कोणी डोळे मिटून श्वासाकडे बघ म्हटलं असतं तर? तो बसला पण नसता.

गोळीवाल्यांनी यात खूश होऊ नये. लॉजमध्ये जे झालं ते गोळ्यांनी पण होतं, आपल्याकडे रोज होतं. ओपीडीत पाच मिनिटं, चिठ्ठी, आणि मग तीच चिठ्ठी केमिस्टकडे वर्षानुवर्षं फिरतेय, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घडीवर फाटलेली, अल्प्राझोलाम ही चिंतेवरची, गुंगी आणणारी गोळी चालू आहे का तर आहे, कशासाठी तर आता आठवत नाही, झोप लागते का तर नाही. नवरा गेलाय, सून बोलत नाही, घर कोंडलंय, यातलं काहीही कोणी विचारलेलं नाही. इथे पण इलाज चालू आहे आणि माणूस कॉरिडॉरमध्ये फिरतोय. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात पेशंटला आजार काय आहे, कुठला उपचार ठरवलाय, त्याचे साइड इफेक्ट काय हे समजेल अशा भाषेत सांगितलं जाण्याचा हक्क दिलाय. किती जणांनी वापरलाय तो, हात वर करा.

लॉजच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. त्यांच्याच एका डॉक्टरने, मॅकग्लाशनने, १९५० ते १९७५ मधल्या जुन्या पेशंटना सरासरी पंधरा वर्षांनी शोधून काढून कसे आहेत ते तपासलं आणि १९८४ पासून छापायला सुरुवात केली. स्किझोफ्रेनियाच्या जवळपास दोन तृतीयांश पेशंटची अवस्था जेमतेम किंवा त्याहून वाईट निघाली, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटीवाल्यांची, म्हणजे भावना आणि नाती सतत टोकाला जाणाऱ्या लोकांची, बरीच बरी. स्वतःच्या घराबद्दल असं छापायला छाती लागते. ओशेरॉफला मात्र त्याचा काही उपयोग नव्हता, तो केव्हाच बाहेर पडला होता.

त्याचं पुढे काय झालं? प्रॅक्टिसमध्ये परत गेला. आणि हे कोणी सांगत नाही म्हणून सांगते, बाहेर आल्यावर त्याने गोळी आणि थेरपी दोन्ही चालू ठेवलं, ज्या बोलण्याने त्याला सात महिने काही दिलं नाही ते बोलणं त्याने सोडलं नाही, माणूस आणि पद्धत बदलली. पण क्लर्मनच्या लेखात वाचून वाटतं तितकं सगळं गोड पण झालं नाही. गेलेलं घर आणि मुलांची गेलेली वर्षं कुठल्याच गोळीने परत आली नाहीत. तो स्वतःच्या आयुष्याची हकीकत लिहायला बसला, लिहीतच राहिला, खोडत राहिला, परत पहिल्यापासून, कित्येक वर्षं. लॉज २००१ मध्ये बंद पडलं, २००९ मध्ये त्या जुन्या इमारतीला आग लागून ती जळून गेली. ओशेरॉफ २०१२ मध्ये गेला. हकीकत अजून छापलेली नव्हती.